डोकं ज्याचं, त्याला विचारून

वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस खोटं बोलत नाही, अशी एक समजूत आहे. ती कुणी पसरवली ठाऊक नाही, पण तो न्हावी नक्कीच नव्हता. मी उभा जन्म दाढ्या केल्या. माझ्या समोर बसून माणसं जेवढं खोटं बोलली तेवढं कोर्टातसुद्धा बोलली नसतील. जमीन किती, पोरगा शिकतोय कुठं, बायको माहेरी का गेली, सगळ्याला मीठमसाला. आपण ‘व्हय, व्हय’ म्हणायचं आणि गाल ताणून धरायचा. अर्धी हजामत झालेल्या माणसाशी वाद घालू नये, हे मला माझ्या बापानं शिकवलं.

सांगलीतलं सलून आता मुलं चालवतात. फिरत्या खुर्च्या आहेत, पंखा आहे. मी कोपऱ्यात बसून पेपर वाचतो आणि कुणी विचारलं नाही तरी सूचना करतो. ह्या दिवाळी अंकाच्या मंडळींपैकी एकजण आमचं जुनं गिऱ्हाईक. दाढीला बसले असताना म्हणाले, “गणपतराव, एवढं बोलता, तर लिहून द्या की.” तोंडाला साबण लागलेल्या माणसाचं फारसं मनावर घेऊ नये. पण घेतलं.

सलून हा मागाहूनचा थाट. माझी सुरुवात धोकटीवर झाली. धोकटी म्हणजे न्हाव्याची कातडी पिशवी. तिच्यात वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि हातातला आरसा. विट्यापासून दीड कोसावर आमचं गाव. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आणि सांगली हे वेगळं संस्थान. सुगीला घराघरातून बलुत्याचं धान्य यायचं आणि त्याच्या बदल्यात वर्षभर त्या घरातली सगळी डोकी आमची. आमची म्हणजे कापायला आमची. कशी कापायची ते घरातला कर्ता ठरवणार. डोकं ज्याचं असेल त्याला विचारायची पद्धतच नव्हती. पोरांना तर नाहीच, आणि बाप बसलेला असेल तर मिशा फुटलेल्या लेकालाही नाही.

विट्याची माणसं तेव्हाही गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यापायी दूरदूरच्या शहरांत जायची. असाच एक गलाईवाला चांगला तीस वर्षांचा गडी गावी आला. केस वाढवलेले, मधोमध भांग. म्हातारा काठी घेऊन समोर बसला. म्हणाला, “गणू, शेंडी ठेव आणि बाकी रान साफ कर.” लेक दात न उघडता माझ्या कानाशी म्हणाला, “भांगाला हात लावलास तर बघ.” मी काय करावं? वरचे केस जरा कमी केले आणि शेंडी त्यांच्याखाली झाकून टाकली. म्हाताऱ्यानं हात लावून शेंडी चाचपली, लेकानं आरशात भांग बघितला. दोघंही खूश. पुढं तो शहरात टोपी काढताना म्हणे फार जपायचा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी काही वर्षं मी पलटणीत न्हावी होतो. तिथं तर आणखी सोपं. डोकं पुढं येतं, मशिन फिरतं, डोकं जातं. कुणाचं होतं तेही बघायचं नाही. मग बाप वारला आणि गावाची डोकी सांभाळायला मी परत आलो. येताना एक विलायती मशिन आणलं होतं, दाबलं की कटकट आवाज करत केस कापणारं. पंचक्रोशीत तसं दुसरं नव्हतं. मी ते खाटेच्या उशाशी घेऊन झोपायचो, आता सांगायला काय हरकत आहे!

ह्या मशिनचं काय झालं ते सांगतो, म्हणजे आनंदाचं सांगता येईल.

आनंदा हा हवालदार बापूंचा एकुलता लेक. बापू पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मिशीला पीळ, आवाज असा की शेजारच्या वाडीतली कुत्री गप्प व्हायची. आनंदा सतरा-अठराचा. उंचापुरा, बापासारखाच रुंद. पण कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. कुणी अंगाला हात लावला की चटका बसल्यासारखा मागं सरकायचा. भांड्यांचा आवाज झाला की कान दाबून बसायचा. आणि बोलणं असं की आपण जे विचारू त्याचं शेपूट तो आपल्यालाच परत द्यायचा. “जेवलास का रं?” “जेवलास का रं.” गाव त्याला खुळा म्हणायचं. माझी नात मास्तरीण आहे, ती सांगते की आता शहरातले डॉक्टर ह्याला ऑटिझम म्हणतात. असेल. आमच्याकडं तेव्हा खुळा आणि शहाणा असे दोनच रकाने होते, आणि शहाण्यांच्या रकान्यात कोण कोण बसलं होतं ते मी हजामती करताना रोज ऐकत होतो.

ह्या आनंदाचा जीव एका ठिकाणी रमायचा, मोटेवर. त्या वेळी विहिरीचं पाणी बैलांनी ओढायचे. मोठी कातडी मोट विहिरीत सोडायची, बैल उतारावरून खाली गेले की ती भरून वर येते, थारोळ्यात म्हणजे दगडी कुंडात रिती होते, बैल मागं सरतात, मोट परत खाली. त्या उताराला धाव म्हणतात. दिवसभर खाली आणि वर, खाली आणि वर. दुसऱ्या कुणाला त्याचा कंटाळा यायचा. आनंदाला एकदाही आला नाही. बैलांशी मात्र तो चांगला बोलायचा, हे फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं.

त्याचे केस कापणं म्हणजे लढाई. म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात त्याचं जावळ काढलं तेव्हा माझ्या बापाला घाम फुटला होता म्हणे. पुढं दरवेळी चारजण धरायचे आणि पाचवा कापायचा. मी परत आलो तेव्हा बापू म्हणाले, “गणू, तुझं ते मशिन आण. झटक्यात उरक.”

मी त्याला विचारलं, “केस कापायचं का रं?”

“कापायचं का रं,” तो म्हणाला.

मला वाटलं, झालं, कबूल आहे. मशिनचा कटकट आवाज कानाशी आला मात्र, गडी माझ्या अंगठ्याला असा चावला की आठवडाभर वस्तरा धरता येईना. बापूंनी त्याला मारायला हात उगारला. मीच मधे पडलो. म्हटलं, “राहू द्या बापू, माझंच चुकलं, अंगठा त्याच्या तोंडात मीच दिला.”

नंतर एकदा शिवारातून येताना मी त्यांच्या विहिरीवर टेकलो. हत्यारं थारोळ्याच्या पाण्यात धुतली, करंजाच्या सावलीत फडक्यावर वाळत मांडली आणि बिडी पेटवली. आनंदानं बैल सोडले होते. तो आला, हत्यारांपुढं बसला. मी बोललो नाही, कारण तोंडात बिडी होती. सारं श्रेय त्या बिडीचं. बिडी निम्मी झाली तेव्हा त्यानं माझं मशिन उचललं, शांतपणे चालत गेला आणि थारोळ्यात टाकून दिलं. माझं विलायती मशिन! पण बिडी संपायच्या आत तो परत आला, कातर उचलली, माझ्या हातात दिली आणि माझ्याकडं पाठ करून बसला.

मी कातर चालवली. आरसा त्यानंच हातात धरला. तोंड बघायला नव्हे, उन्हाचा कवडसा पाण्यावर पाडायला. निम्मं डोकं झालं आणि त्यानं आरसा गवतात पालथा घातला. मी आणखी एक बट उचलली तर मान काढून घेतली. म्हटलं, बरं बाबा, आजच्यापुरतं एवढंच.

एका बाजूला रान आणि एका बाजूला कापणी, असा तो गावातून फिरला. गाव पोट धरून हसलं. बापू काठी घेऊन माझ्या दारात. “आरं गण्या, हवालदाराच्या लेकाचं ह्ये काय केलंस? कोंबडं सोलल्यागत!”

“बापू, राहिलेलं त्यो म्हणंल तवा.”

“त्यो काय म्हणणार? त्याला तोंड हाय का?”

आठवड्याभरानं तो आपणहून आला आणि उरलेली बाजू माझ्याकडं करून बसला. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. हत्यारं मांडायची, तोंड मिटायचं, एक बिडी होईपर्यंत थांबायचं. तो नेहमी हो म्हणायचा असं नाही. कधी सगळंच फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवायचा, म्हणजे आज नाही. मी उठून जायचो. पुढं त्याला दाढी फुटली. एक दिवस आला, माझी बोटं धरली आणि स्वतःच्या हनुवटीवर ठेवली. ज्या गड्याला चार माणसांनी धरावं लागायचं त्यानं! मी नवरदेवांच्या दाढ्या केल्यात, सरदारांच्या केल्यात. पण माझे डोळे भरून आले ते त्या एका दाढीला.

मग लढाईची भरती जोरात आली. भरतीवाले बाजारच्या दिवशी विट्याला बसायचे. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत ही रीतच. पोरगं हाताबाहेर गेलं, पाठवा पलटणीत. आळशी आहे, पाठवा पलटणीत, सरळ होऊन येतो. बापूंनी आनंदाला पाठवायचं ठरवलं.

आता त्यांना कुणी दुष्ट म्हणेल, तर तसं नव्हतं. बापू माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच हळू बोलले. “गणू, मी डोळं मिटल्यावर ह्याचं कोण बघणार? भाऊबंद मोटेवरसुदीक उभं करणार न्हाईत. पलटणीत कपडा हाय, जेवण हाय, म्हातारपणी पेन्शन हाय. आन समदं कसं बिगुलावर. उठायचं बिगुलावर, जेवायचं बिगुलावर. ह्याला तसंच आवडतंय का न्हाई?”

खोटं नव्हतं ते. पण त्याच दिवशी आनंदाची आई पाणवठ्यावरून येताना थांबली. घागर काखेत तशीच. म्हणाली, “गणूभाऊ, त्यो सायेब इचारणार, येतोस का म्हणून. आन आनंदा ‘येतोस का’ म्हणणार. लोकास्नी वाटणार, व्हय म्हणाला. ह्यो माझा लेक लढाईला जाईल आन त्याला कुणी इचारल्यालंच नसंल.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज बापूंपेक्षा खणखणीत.

बापूंनी सांगितलं, भरतीच्या आधी ह्याचं डोकं पलटणी कर. मी विहिरीवर जाऊन हत्यारं मांडली. आनंदानं सगळी फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. मी घरी आलो. बापूंनी माझा बाप काढला, आजा काढला, आणि तशाच वाढल्या केसांनी त्याला बाजाराला घेऊन गेले. बरोबर आपले जुने पलटणीचे बूट घेतले होते. ट्रंकेत ठेवलेले, रात्री पॉलिश केलेले. त्या बुटांना घरात कुणी हात लावायचा नाही.

बाजारच्या दिवशी मीही विट्याला भरतीच्या तळाशेजारीच बसायचो. घेतलेल्या गड्यांची डोकी मीच करायचो, तिथल्या तिथं, पलटणीच्याच मशिननं. त्या बाजारांत माझ्या हाताखालून गेलेली बरीच पोरं परत आली नाहीत. दूध पिती तोंडं एकेकाची. बापानं पुढं ढकललं म्हणून आलेली. त्यांची आठवण झाली की अजून जेवण जात नाही.

भरती करणारा सुभेदार चांगला माणूस होता. आनंदाची उंची घेतली, छाती घेतली, खूश झाला. विचारलं, “भरती व्हायचं?”

“व्हायचं,” आनंदा म्हणाला.

“राजीखुशीनं?”

“राजीखुशीनं.”

बापूंची मान ताठ झाली. मला राहवेना. समोर साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच ठेवून मी उठलो. “साहेब, जरा दुसरं कायतरी इचारा.”

“तू कोण?”

“न्हावी.”

लोक हसले. सुभेदारानं माझ्याकडं बघितलं, मग आनंदाकडं. “काय रे, तू जर्मन आहेस?”

“जर्मन आहेस,” आनंदा म्हणाला.

बाजार खो खो हसला. बापूंचा चेहरा काळा ठिक्कर पडला. सुभेदार मात्र हसला नाही. म्हणाला, “हवालदार, हा माझंच बोलणं मला परत देतोय. पण गडी धडधाकट आहे आणि मला माणसं पाहिजेत. तुम्ही जुने पलटणीतले. हा राजी आहे असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, मी घेतो. दिवस मावळेपर्यंत मी इथंच आहे.”

म्हणजे सारं बापूंच्या शब्दावर येऊन ठेपलं. बापूंनी हात छातीपर्यंत नेला. मग तसाच खाली आणला. पलटणीची शपथ त्यांनी आयुष्यात खोटी घेतली नव्हती. माझ्याकडं वळून चिडून म्हणाले, “कसं इचारायचं तूच सांग, लय शहाणा हाईस तर!”

“बापू, त्याच्यापुढं मांडा. आन गप ऱ्हावा.”

मांडणार काय? बापूंनी बूट त्याच्यासमोर ठेवले. आनंदानं बराच वेळ बघितलं. मग खाली बसला, बूट पायांत घातले आणि नाड्या जशा जमतील तशा बांधल्या. बाजारानं टाळ्या वाजवल्या. सुभेदारानं कागद पुढं ओढला. वाटलं, गणू, त्याच्या वतीनं तूच ठरवून बसला होतास की काय? त्याला खरंच जायचं असेल तर?

तेवढ्यात आनंदा उठला आणि चालायला लागला. सुभेदाराकडं नव्हे, गावाकडं. बापूंनी हाक मारली, तो थांबला नाही. दीड कोस तो पुढं, मागं बापू, त्यांच्या मागं मी. माझं साबण लावलेलं गिऱ्हाईक काही अंतर शिव्या देत आलं, मग मागं फिरलं.

विहिरीवर येऊन त्यानं बैल जुंपले. धावेवर बारीक खडी होती, काटे होते. अनवाणी पायांनी तो तिथून कायम टाचा उचलून चालायचा आणि आम्ही म्हणायचो, खुळ्याची चाल. त्या दिवशी बूट घालून तो पाय पुरा टेकवून चालला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला पलटण नको होती, बूट पाहिजे होते. इतक्या वर्षांत कुणी त्याच्या पायांकडं बघितलं नव्हतं.

पण बापूंचं अजून समाधान नव्हतं. ते धावेच्या मधोमध जाऊन उभे राहिले, बैलांच्या वाटेत. “आनंदा, पलटण का मोट?”

“का मोट,” आनंदा म्हणाला.

बापूंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं, ह्याला उत्तर म्हणायचं नाही. मी एक बिडी पेटवून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, “आता उलटं इचारा. आन ही संपस्तोवर तोंड उघडू नगा.”

“मोट का पलटण?”

आता तो ‘का पलटण’ म्हणणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आनंदा काही बोलला नाही. बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. ज्या माणसानं आयुष्यभर हुकूम सोडला आणि तो लगेच पाळला गेला, तो माणूस बिडी हातात धरून उभा होता. एकदा त्यांचे ओठ हलले. मी बिडीकडं बोट दाखवलं. परत मिटले. खाली वाकून आनंदानं एक नाडी सोडली, पुन्हा बांधली. बिडीची राख बापूंच्या धोतरावर पडली.

मग तो सरळ झाला. बापाकडं बघितलं नाही, बैलांकडंच बघितलं. पण शब्द बापालाच होते आणि ते त्याचे स्वतःचे होते.

“बापू, धावेवरनं बाजूला व्हा. मोट न्यायचीया.”

हवालदार बाजूला झाले. त्यांच्यासमोरून बैल उतारावर गेले, मोट भरून वर आली आणि थारोळ्यात पाणी कोसळलं. बापू त्या आवाजात रडले, म्हणून मला ऐकू आलं नाही असं मी धरलं.

सुभेदार म्हणे दिवस मावळेपर्यंत विट्याला वाट बघत होता. बघू दे.